पळत्या हरणाचा ठावठिकाणा

दहाव्या आणि अकराव्या शतकांच्या संधिकाळी काश्मीरात अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर जी टीका लिहिली, तिच्यात रसास्वादाचे मर्म उलगडताना त्याने कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले हरिण उदाहरणादाखल घेतले आहे, दुष्यंताच्या बाणाच्या धास्तीने मान मागे वळवीत जीव घेऊन पळणारे ते हरिण. प्रेक्षकाला तेथे भय जाणवते, परंतु ते भय माझे आहे असे त्याला वाटत नाही, आणि समोरच्या अमुक एका प्राण्याचे आहे असेही वाटत नाही. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांची बंधने गळून गेल्यावर उरलेले ते निखळ भय असते, आणि म्हणूनच त्याने अंगाला कंप सुटण्याऐवजी चित्त एका ठायी विसावते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. रात्रीचे जेवण आटोपून घरच्या दिवाणावर बसलेला मनुष्य दूरचित्रवाणीवर चित्त्यापुढे धावणारे हरिण पाहतो, श्वास रोखतो, पाय नकळत आखडून घेतो, आणि दृश्य संपल्यावर आणखी पाहावे असे त्याला वाटते, या नित्याच्या अनुभवाची इतकी नेमकी उपपत्ती मला दुसरीकडे आढळलेली नाही. ती ज्याने मांडली त्याच्यापुढे पडदाही नव्हता आणि यंत्रही नव्हते.

या सुखाविषयी मी आस्थेने लिहितो आहे, कारण ज्या गावात मी राहतो तेथे त्याची थोरवी डोळ्यांनी दिसते. पुण्याच्या दरबाराने 1779 च्या तहनाम्याने बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस देऊ केली, त्यातून नगर हवेलीचा परगणा त्यांच्या अंमलाखाली गेला, आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पण आजचे सिल्वासा हे मुख्यतः कारखान्यांच्या पाळ्यांवर जगणारे शहर आहे. आमली भागातल्या कोणत्याही इमारतीत एका जिन्यावर मराठी, गुजराती, हिंदी आणि भोजपुरी बोलणारी बिऱ्हाडे सापडतात, आणि दुसरी पाळी सुटल्यावर, डबा घासून पालथा घातल्यावर, झोप येईपर्यंतचा जो तास-दीड तास उरतो तो प्रत्येक दाराआड पडद्यापुढे जातो. एका घरात सासू-सुनेची मालिका लागलेली असते, तर शेजारच्या घरात ध्रुवावरची अस्वले बर्फावरून चाललेली असतात. दिवसभर धाग्याच्या बॉबिनांशी झटलेल्या माणसाला त्या वेळी जे मिळते त्याला केवळ करमणूक म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

नाट्य आणि निसर्ग यांचे हे शेजारपण आजकालचे नाही. आपल्याकडे ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून जन्माला आली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून चित्रपटाचे यंत्र आणले, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याआधी, 1912 मध्ये, भांडवल देऊ शकणाऱ्या गृहस्थांची खात्री पटावी म्हणून एक चिमुकला चित्रपट तयार केला. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि सुमारे महिनाभर थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर पाहणाऱ्यांना माती फुटताना, कोंब डोके वर काढताना आणि वेल चढताना दिसली. वाटाण्याच्या रोपाला ना शत्रू होता, ना संवाद, ना कथानक. तरी पाहणारे खिळून राहिले आणि कर्जाचा मार्ग मोकळा झाला. मला या प्रसंगाचे महत्त्व असे वाटते की, उत्कंठा ही निसर्गावर बाहेरून लादावी लागत नाही. वाढणे आणि मरणे यांतच ती असते, फक्त आपल्या डोळ्यांना तिची गती पकडता येत नाही. फाळक्यांनी ती गती बदलून दिली.

उत्कंठेचे मूळ अज्ञानात आहे, पुढे काय होणार हे ठाऊक नसल्यामुळेच माणूस खिळून राहतो, असा एक समज रूढ आहे. आमच्याच मुलुखाशी नाते सांगणारी दोन उदाहरणे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. सिल्वासाच्या मुक्तिसंग्रामात भाग घेणाऱ्यांत सुधीर फडके होते. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गदिमांचे शब्द आणि फडक्यांचे स्वर घेऊन ‘गीतरामायण’ सुरू झाले, आणि 1956 च्या एप्रिलपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते घरोघरी पोहोचली. मराठी माणसाने घरात बसून, ठरल्या वेळी, पुढच्या भागाची वाट पाहत जी मालिका अनुभवली तिचा आरंभ मी तेथे मानतो. रामकथेचा शेवट ज्याला ठाऊक नाही असा एकही श्रोता त्या वर्षी नव्हता. तरी लोक कामे बाजूला सारून यंत्रापाशी येत. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडू लागले, तेही याच न्यायाने.

दुसरे उदाहरण याहून पुरातन आहे. कोकणा समाजात भवाडा म्हणून जो मुखवट्यांचा उत्सव होतो, ज्याला जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा म्हणतात, त्यात उजेडाच्या वर्तुळात एकेक सोंग नाचत येते. आधी गणपती, मग सरस्वती, मग एकामागून एक देव आणि दैत्य. संबळाचा ठेका बदलला की कोणते सोंग येणार हे लहान पोरही ओळखते. लाकडी मुखवट्याआड गावातलाच कोण आहे हेही सर्वांना माहीत असते. आणि तरीही राक्षसाचे सोंग अंगावर आले की पुढच्या रांगेतली पोरे मागे सरकतात, आया हसतात, आणि त्या सरकण्यातच सगळी रात्र सुफळ होते. असे काही मुखवटे सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात भिंतीवर टांगलेले आहेत. तेथे त्यांच्याकडे पाहून कोणी मागे सरकत नाही, कारण तेथे संबळ नाही आणि रात्र नाही.

न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अभिनवगुप्ताच्या विचाराहून केळकरांचा विचार मला अधिक ऐहिक आणि म्हणून घरगुती पडद्याच्या अधिक जवळचा वाटतो. मालिकेतल्या नायिकेवर अन्याय झाला म्हणून डोळे पुसणारी गृहिणी त्याच क्षणी कुकरच्या शिट्ट्याही मोजत असते. ती फसलेली नाही, आणि कोरडीही राहिलेली नाही. आपले घर न सोडता ती दुसऱ्या घरात जाऊन आलेली आहे.

येथवर नाट्य आणि निसर्गपट यांची वाट एकच आहे. ती फुटते ती सत्याच्या प्रश्नापाशी. डिस्नेच्या संस्थेने 1958 साली ‘व्हाइट विल्डरनेस’ हा उत्तर ध्रुवाकडील प्राण्यांचा चित्रपट काढला. त्याला ऑस्कर मिळाले. त्यातले लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना पाहून दोन पिढ्या असे धरून चालल्या की हे प्राणी आत्मघात करतात. पुढे 1982 मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने छडा लावला तेव्हा उघडकीस आले की, ते प्राणी दुसऱ्या प्रांतातून आणवले होते आणि कड्यावरून त्यांना लोटण्यात आले होते. नाटकातला दुष्यंत खोटा असल्याने काही बिघडत नाही. तो खोटा आहे म्हणूनच हरिण सुखरूप आहे. पण येथे बाण खरा होता, आणि वर त्या बाणाचे खापर हरणाच्याच स्वभावावर फोडण्यात आले. प्रेक्षकाच्या भयाला स्थळ-काळाचे बंधन नसेना का, ज्या प्राण्याच्या भयावर ते पोसले गेले त्याचे मरण मात्र एका विवक्षित कड्याखाली, एका विवक्षित दिवशी घडले होते.

असे घडले तरी निसर्गपटाने नाट्याचा त्याग केला नाही, आणि करू नये असेच माझे मत आहे. 1979 साली डेव्हिड ॲटनबरो यांनी ‘लाइफ ऑन अर्थ’च्या तेरा भागांत सजीवसृष्टीचा सबंध इतिहास सांगितला. 2016 च्या ‘प्लॅनेट अर्थ’च्या दुसऱ्या मालिकेत गालापागोसच्या फर्नांदिना बेटावर वाळूतून नुकतेच बाहेर पडलेले घोरपडीसारखे इग्वाना-पिल्लू निश्चल बसते, खडकांच्या फटींतून एकामागून एक सर्प निघतात, पिल्लू त्यांच्या वेटोळ्यात सापडते, निसटते आणि खडकावर चढते. हे दृश्य एका पिल्लाच्या एका धावेचे सलग चित्रण नाही, अनेक प्रसंगांची ती जुळणी आहे, आणि तसे जाहीरही झाले. जुळणी झाली तरी सर्प आणलेले नव्हते आणि पिल्लू लोटलेले नव्हते. ही मर्यादा मला पुरेशी वाटते. त्याच मालिकेच्या शहरांविषयीच्या भागात मुंबईचे बिबटे आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, इमारतींच्या उजेडाआड, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर ते डुकरांची शिकार करतात. सारे जग ज्या आश्चर्याने ते पाहत होते त्या आश्चर्यात आपणही सामील व्हावे, आणि हे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासाइतकेही दूर नाही हे आठवून दचकावे, असा तो दुहेरी अनुभव होता.

तो दचका मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याचे मोल मी खानवेलकडच्या एका वारली गृहस्थाच्या ओसरीवर शिकलो. नातवाने लावलेल्या बिबट्याच्या चित्रफितीकडे ते बराच वेळ पाहत होते. शिकार साधली तेव्हा ते काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, “हा वाघ कोणत्या रानातला?” नातवाला सांगता आले नाही, मलाही नाही, कारण निवेदकाने सांगितले नव्हते किंवा आम्ही ऐकले नव्हते. त्यांच्या वाडीच्या शिवेवर वाघोबाचे स्थान आहे. लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, अंगावर शेंदराचे पुट. वाघबारशीला तेथे नैवेद्य होतो. ज्यांच्या देवाला शीव आहे त्यांना ठावठिकाणा नसलेला वाघ अर्धाच दिसतो. अभिनवगुप्ताने स्थळ-काळ गळून पडणे ही रसाची अट मानली आणि नाटकापुरती ती यथार्थच आहे. शकुंतलेचा आश्रम नकाशावर शोधण्याचे कारण नाही. निसर्गपट मात्र पाहून संपल्यावर पुन्हा त्या रानाशी जोडून घ्यावा लागतो, कारण तेथले हरिण पडदा मालवल्यावरही धावत असते, आणि त्याचे रान कोणाच्या तरी दफ्तरात, कोणत्या तरी गट क्रमांकाखाली नोंदलेले असते.

असे जोडून घेतल्याने काय घडते याचा दाखला आमच्या बाजूच्याच सागरकिनाऱ्यावर आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येणारे देवमाशाएवढे अवाढव्य व्हेल शार्क मासे पूर्वी यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी मारले जात. माइक पांडे यांनी 2000 साली त्यावर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट काढला, आणि 2001 मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. कायद्याने जे अर्धे झाले ते 2004 पासूनच्या मोहिमेने पुरे करत आणले. मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितले की, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ज्या हातांनी आकडे टाकले होते त्यांनीच पुढे स्वतःची जाळी कापून मासे सोडले, आणि जाळ्यांची भरपाई सरकारातून होऊ लागली. दीव हे त्याच किनाऱ्यावरचे, आणि 2020 च्या प्रजासत्ताकदिनापासून दीव, दमण आणि सिल्वासा एकाच संघप्रदेशात नांदत आहेत.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती मी मनःपूर्वक करतो. या प्रदेशाचा मोठा भाग अजून जंगलाखाली आहे. दमणगंगेला मिळणाऱ्या एखाद्या ओहोळाची सबंध वर्षाची मालिका कोणीतरी करावी. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी मोहाची फुले आणि त्यांवर येणारी अस्वस्थ वर्दळ, जेठात पावसाआधी झाडांवर लखलखणारे काजवे, पहिल्या पुराबरोबर उलट्या धारेने चढणारे वलगणीचे मासे आणि त्यांच्यासाठी कंबरभर पाण्यात उभी राहिलेली माणसे, भाताच्या खाचरातली चिंबोरी, आणि वाघबारशीच्या सुमारास शिवेवरून जाणारा, बहुधा न दिसणारा बिबट्या. फाळक्यांच्या वाटाण्याइतका धीर तिला लागेल. निवेदन वारलीत आणि कोकणा बोलीत असावे, मराठी आणि गुजरातीत उतरवावे, आणि प्रत्येक दृश्याच्या आरंभी पाड्याचे, रानाचे आणि ओहोळाचे नाव उच्चारले जावे.