भुवनेश्वरीने पलीकडे पाठवले

गुरुचरित्राचा सतरावा अध्याय आमच्या भागात जरा जास्तच जिव्हाळ्याचा, कारण तो आमच्याच कृष्णेच्या काठावर घडतो. कोल्हापूरच्या एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा. आईबाप गेलेले, मुंज झालेली, पण अक्षर काही डोक्यात शिरत नाही. अमक्याच्या पोटी हा असला दगड जन्मला, म्हणून लोक टोमणे मारतात. पोरगा घर सोडतो आणि भिलवडीला भुवनेश्वरीच्या दारात धरणे धरून बसतो. अन्नपाणी वर्ज्य. देवी प्रसन्न होईना, तेव्हा जीभ कापून तिच्या पायांवर वाहतो, वर शीर वाहण्याची धमकी देतो. मग देवी स्वप्नात येते आणि सांगते: नदीपलीकडे औदुंबराखाली एक यती आहेत, त्यांच्याकडे जा.

पारायणात मी इथे हमखास अडखळतो. साक्षात जगदंबा, पण तुझे काम पलीकडे होईल म्हणते. जिभेच्या मोबदल्यात वर देत नाही. यात तिचे उणे झाले असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नावेतून उतरणारा माणूस दोन्ही काठांवर डोके टेकवतो.

माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. एका वर्षी अवकाळी पावसाने दावण्या रोग पसरला, उरलेल्या मालाचा दर व्यापाऱ्याने पाडला. असे फटके त्याने पूर्वीही खाल्ले होते. या वेळी मात्र त्याची झोपच उडाली. पहाटे तीनला बॅटरी घेऊन बागेत जायचा आणि नुसता वेलींखाली उभा राहायचा. ताट पुढ्यात तसेच. एकदा म्हणाला, "दादा, मी आता कुणाच्या उपयोगाचा राहिलो नाही." बाग गेल्याचे दुःख मला कळते, ते वर्षभराने ओसरते. हे वाक्य निराळे होते.

भावकीने "बाहेरचं काहीतरी आहे, बघून घ्या" म्हटले. अंगारा झाला, लिंबू झाले. शिकलेल्यांचा मला अधिक राग आला. ते म्हणाले, मन खंबीर कर, मनाचे श्लोक वाच. अहो, ज्या मनाने मनाला समजवायचे तेच आजारी पडले असेल तर उपदेश ऐकणार कोण? समर्थांनी मनाला बजावणारे 205 श्लोक लिहिले, तसे देवापुढे रडणारी करुणाष्टकेही लिहिली. सज्जनगडाच्या वाटेवर लोकांना पहिलेच तेवढे आठवतात.

मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी थोडा वेळ बागेचे विचारले आणि मग सरळ म्हणाले, "जीव द्यावासा वाटतो का?" मी हबकलो. असले कोणी तोंडावर विचारते का? भाऊ मात्र मान खाली घालून "हो" म्हणाला आणि ढसाढसा रडला. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर यायला वाट मिळते, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. बागेतल्या खोलीतली फवारणीची औषधे त्याच दिवशी हलवून कुलपात ठेवायला लावली, किल्ली भावजयीकडे. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, बरे वाटले म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, असे दोनदा बजावले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "गोळ्या घ्यायच्या म्हणजे दत्तावर भरवसा नाही म्हणायचं का?" मी तिला सतरावा अध्यायच पुन्हा वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गोळीची आठवण तीच करू लागली. गुरुवारची औदुंबरवारी चालूच राहिली. डॉक्टरांनी ती बंद करा असे कधी म्हटले नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. आम्हा पारायणवाल्यांना त्यांचे बरेच म्हणणे खटकायचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे गुन्हा ठरले. त्यांनी साताऱ्यात उभी केलेली 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करते, चिरंजीव डॉ. हमीद स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ज्याचा इलाज जिथे आहे तिथे त्याला पाठवावे, या एका जागी भुवनेश्वरीचा निरोप आणि दाभोलकरांचे सांगणे जुळते. हे दोन्ही बाजूंच्या मंडळींना फारसे रुचणार नाही, पण माझा इलाज नाही.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानावे, त्याला उपचार द्यावेत, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. घराची अब्रू जाईल म्हणून पेशंट लपवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि तुमच्या घरात कोणी असे रात्ररात्र जागत असेल तर नवस जरूर बोला, पण त्याच दिवशी 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबरही लावा. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते.