वळ आणि भूक

निपाणीत विड्यांची मजुरी हजारावर मोजतात. एखाद्या घरी हजार पुरे होईपर्यंत आईला लेकराच्या पोटाकडे पाहण्यास सवड नसते. रात्री बाप पिऊन येतो व त्याच भुकेल्या लेकराला मारतो. भुकेला आपण गरिबी म्हणतो, माराला शिस्त म्हणतो आणि पाठ फिरवतो.

पण गरिबी हे पाप नव्हे. पुष्कळ गरीब घरांत लेकरे मायेने वाढतात. कर्ज, दारू, बापाने स्वतः लहानपणी खाल्लेला मार आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून तुटलेपण ही ओझी एकत्र आली, म्हणजे मार व हेळसांड जोडीने येण्याचा धोका वाढतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम दोन्हींना गुन्हा ठरवते. मात्र हेळसांड जाणूनबुजून केलेली असावी लागते. थकलेल्या आईला दोष नव्हे, आधार हवा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, ज्या लेकराच्या पाठीवर वळ दिसतील ते जेवले आहे काय, हेही विचारा. त्याच्या घरी जा. गरज पडल्यास १०९८ वर कळवा. तुटलेले घर जोडून घेणे मंडळीच्या हाती आहे. ते न केले, तर त्या लेकराची हेळसांड आपणही केली.