पाटकरी

वडीगोद्रीच्या बाजूने जायकवाडीचा डावा कालवा जातो. त्या कालव्यावर पाटकरी म्हणून उभी हयात काढलेल्या एका म्हाताऱ्याचा नातू गावातल्या शाळेत चौथीला होता. पोराला हिमोफिलिया. रक्त गोठायला लागणारा फॅक्टर ८ त्याच्या अंगात जन्मापासून कमी. अशा मुलाचं रक्त काही जोरात वाहत नाही, पण लवकर थांबत नाही. खरचटण्यापेक्षा घात करतो तो सांध्याच्या आत होणारा रक्तस्राव.

एकदा पाढे चालू असताना पोर म्हणालं, "बाई, गुडघ्यात मुंग्या येतायत."

बाईंनी गुडघा पाहिला. ना ओरखडा, ना लाली. "पाढा म्हणायची वेळ आली की बऱ्या मुंग्या येतात!" म्हणत त्यांनी त्याला उभंच ठेवलं. संध्याकाळी गुडघा तट्ट फुगला. रात्रीच गाडी करून त्याला संभाजीनगरला घाटीत नेलं, शिरेतून फॅक्टर दिला. तरी पोर दहा दिवस खाटेवर.

बाई घरी भेटायला आल्या. मान वर होत नव्हती. म्हातारा रागावला नाही. त्यांना कालव्यावर घेऊन गेला.

"बाई, भगदाड पडलं की अख्ख्या गावाला दिसतं. पाटकऱ्याला त्याच्या आधी कळावं लागतं. वरून माती कोरडीठाक असते, चालताना पायाला तेवढी मऊ लागते. तेव्हा चार पाट्या मुरूम टाकला की भागतं. माझ्या नातवाच्या गुडघ्याचा पाटकरी तोच हाय. आपल्याला दिसत नाही, त्याला लागतं. तो सांगल ते खरं माना."

बाईंनी ते मनावर घेतलं. वर्गाच्या कपाटावर कागद चिकटवला: दुखतं म्हणाला की पाय उचलून ठेवायचा, बर्फ लावायचा, घरी फोन करायचा. अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. डोक्याला मार लागला तर सूज यायची वाट न बघता थेट दवाखाना.

पण भीतीपोटी त्या त्याला खेळाच्या तासालाही बाकावर बसवू लागल्या. पोर कोमेजलं. मला तर ही चूक पहिलीइतकीच मोठी वाटते. म्हातारा पुन्हा शाळेत आला. "पाट फुटंल म्हणून पाणीच सोडायचं नाही का, बाई? पिकं वाळतील की." डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं: स्नायू बळकट असले की सांधे सांभाळले जातात. कबड्डी बंद झाली. रिंग, चेंडूची झेलाझेल सुरू झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाही आहे. म्हणजे शाळेनं हे करणं उपकार नव्हे, त्या पोराचा हक्कच.

दिवाळीनंतर एकदा पाढे चालू असताना त्याचा हात वर झाला. "बाई, कोपरात मुंग्या."

बाईंनी कोपर पाहिलंच नाही. एक पोरगा रसवंतीवरून बर्फ आणायला पळाला, दुसऱ्यानं दप्तरांची उशी केली. बाईंनी फोन लावला. फटफटी येईपर्यंत कोपर रुमालातल्या बर्फाखाली होतं, आणि पोर आडवं पडून वर्गाबरोबर म्हणत होतं, सतरा चोक अडुसष्ट.