रॅपरला पन्नाशीचे होऊ द्या

12 फेब्रुवारी 2023 रोजी डेव्हिड जोलिकूर गेला. वय 54. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तीन शाळासोबत्यांनी 'डे ला सोल' हा रॅपगट उभा केला होता, त्यातला हा एक. रंगमंचावरचे त्याचे नाव ट्रुगॉय द डव्ह. तो गेला आणि 19 दिवसांनी, 3 मार्चला, या गटाचे पहिले सहा अल्बम स्ट्रीमिंगवर आले. त्यातला पहिला, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', 1989 सालचा. ज्या वर्षांत पोरांच्या गाण्यांचे सगळे जग फोनमध्ये शिरले, त्या वर्षांत हे अल्बम त्या फोनमध्ये नव्हते. आजच्या मुलांनी डे ला सोलला ऐकून नाकारले, असे घडलेच नाही. त्यांच्या कानांपर्यंत ते गेलेच नाहीत.

असे का व्हावे? या गटाचे संगीत शेकडो जुन्या तबकड्यांतले तुकडे वेचून शिवलेल्या गोधडीसारखे होते. अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात आणि प्रत्येक सॅम्पलमागे मूळ मालकाची परवानगी लागते. करार झाले ते तबकडी आणि कॅसेटच्या जमान्यात. पुढे गाणे हवेतून फोनवर येईल, हे त्या कागदांत कुठून असणार? मग परवान्यांचा गुंता आणि कंपनीशी पैशांचा वाद यांत वर्षांमागून वर्षे गेली. 2014 साली व्हॅलेंटाइन दिनाला या तिघांनी कंटाळून आपले जुने काम 25 तासांसाठी चाहत्यांना फुकट वाटून टाकले. 2016 चा अल्बम त्यांनी लोकवर्गणीतून काढला. अकरा हजारांहून अधिक लोकांनी सहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली. सॅम्पलच्या कटकटी नकोत म्हणून त्यांनी आधी वादकांकडून तासन्तास संगीत वाजवून घेतले आणि त्यातूनच तुकडे कापले. आपल्याच कापडाचे तुकडे करून त्यांची गोधडी शिवायची! पन्नाशीला टेकलेल्या माणसांची ही जिद्द पाहिली की मन भरून येते.

म्हणून 'काळ बदलला की जुन्या रॅपरांना जागा उरते का?' हा प्रश्न कुणी टाकला, की मला आधी दुसरेच विचारावेसे वाटते. कपाटाला कुलूप कुणी लावले होते? विस्मरण आपोआप होते, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते कुणीतरी घडवून आणलेले असते.

हिप हॉपचा तर जन्मच अशा विस्मरणाशी बांधलेला आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून एक पार्टी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, जमैकाहून आलेला क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा सुरू झाला की पोरे बेभान नाचतात, हे त्याने हेरले आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो तुकडा तो लांबवू लागला. पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. 2011 साली तोच हर्क आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता आणि उपचारांच्या खर्चाचे काय, हा प्रश्न जगासमोर आला. ज्याच्या एका युक्तीवर अब्जावधी डॉलरचा धंदा चालतो, त्याच्यावर ही वेळ!

ग्रँडमास्टर काझची गोष्टही अशीच. 1979 चे 'रॅपर्स डिलाइट' हे जगभर गाजलेले पहिले रॅप गाणे. त्यातला एक भाग काझच्या वहीतून घेतलेला होता, इतका जसाच्या तसा की काझचे टोपणनावसुद्धा त्यात तसेच राहून गेले. श्रेय मिळाले नाही, मोबदला मिळाला नाही. पुढे काझ न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांना बसमधून हिप हॉपच्या जन्मभूमीची सफर घडवू लागला. त्या बसमध्ये बसून फोटो काढणाऱ्यांना या ऋणाची जाणीव व्हावी, एवढीच माझी इच्छा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. रॅप ही तरुणांची कला आहे, दोन हात करण्याची कला आहे. कालच्या राजाला आज बॅटलमध्ये पाडायचे, याच ईर्षेवर ती वाढली. मग म्हाताऱ्यांनी वाट अडवून का बसावे? खरे आहे, बसू नये. पण या कलेत म्हातारपण कसे असते, हे कुणी पाहिलेच कुठे होते? टुपाक 25 व्या वर्षी मारला गेला, बिगी 24 व्या. ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा फाइफ डॉग 2016 मध्ये मधुमेहाने 45 व्या वर्षी गेला, डीएमएक्स 2021 मध्ये 50 व्या. आपल्या अभिजात संगीतात प्रभाताई अत्रे उतारवयातही सवाई गंधर्व महोत्सवाचा समारोप करत आणि मांडव त्यांच्यासाठी थांबलेला असे. रॅपमध्ये अशी पायवाट पाडणारे पाय फार थोडे होते. आता पन्नाशी-साठीत असलेली ही पिढीच ती वाट पहिल्यांदा तुडवते आहे. त्यांना घाईने रिटायर करणे म्हणजे एका कलेला प्रौढ होण्याआधीच थांबवणे आहे.

इथे मला आंद्रे 3000 शी भांडायचे आहे, अत्यंत आदराने. 'आउटकास्ट'मधला हा माणूस शब्दांचा जादूगार. नोव्हेंबर 2023 मध्ये, 48 व्या वर्षी, त्याने अल्बम काढला तो बासरीचा. एकही रॅप नाही. मुलाखतीत त्याने सांगितले, की या वयात रॅप करणे आपल्याला खरे वाटत नाही. बोलायचे तरी कशावर, कोलोनोस्कोपीवर की अधू होत चाललेल्या नजरेवर? बासरी वाजवायचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि लोकांना आवडेल तेच न देण्याचे त्याचे धैर्यही मोठे आहे. पण त्याचे कारण ऐकून मी अस्वस्थ झालो. कोलोनोस्कोपीवर का नाही? रॅपचा आरंभीचा दावा काय होता? आमच्या गल्लीत जे घडते ते आम्ही सांगणार; तुम्हाला ऐकायला बरे वाटो न वाटो. जळकी घरे, बेकारी, पोलिसांची दांडगाई हे विषयही त्याआधी गाण्यात 'शोभत' नव्हतेच. मग तपासणीच्या आदल्या रात्री उपाशीपोटी जागणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषाची भीती का शोभू नये? फाइफ डॉगच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, तेव्हा कुणी तिशीतच गाण्यातून साखरेबद्दल बजावत राहिले असते, तर किती पोरांनी ऐकले असते! आंद्रेसारख्या माणसाला जर वाटत असेल की आपल्या देहाचे सत्य या कलेत बसत नाही, तर तो संकोच त्याच्यात आम्ही श्रोत्यांनी पेरला आहे.

ज्यांनी तो संकोच झुगारला, त्यांचे काम पाहा. 'क्लिप्स' हे व्हर्जिनियाचे दोन भाऊ, मॅलिस आणि पुशा टी. तरुणपणी त्यांचा विषय एकच, कोकेनचा धंदा. मग थोरल्याला धर्माची ओढ लागली, तो बाजूला झाला, नावही त्याने बदलून 'नो मॅलिस' केले. आधीच्या अल्बमनंतर सुमारे 16 वर्षांनी, जुलै 2025 मध्ये, दोघांचा एकत्र अल्बम आला. पहिलेच गाणे आईवडिलांच्या मृत्यूवर. दोघे काही महिन्यांच्या अंतराने गेलेले. एक भाऊ आईशी बोलतो, दुसरा वडिलांशी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुलगा पोरका होतो म्हणजे काय, हे विशीतला कुठला रॅपर सांगणार? आणि ऐकायला तरुण आलेच की! जे-झीने 2017 मध्ये '4:44' काढला तेव्हा तो 47 चा होता. पत्नीशी केलेल्या प्रतारणेची कबुली, आईने आयुष्यभर दडवलेले तिचे प्रेम, पैसा पुढच्या पिढीच्या हाती कसा द्यायचा, हे त्याचे विषय. ज्या कलेत वाकणे म्हणजे हरणे समजत, तिथे एक श्रीमंत, यशस्वी पुरुष सगळ्या जगासमोर बायकोची माफी मागतो. माझ्या मते त्याच्या सगळ्या फुशारकीच्या गाण्यांपेक्षा हे काम अधिक मर्दानी आहे.

माफीचा विषय निघाला आहे, तर एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. ज्येष्ठांचा मान म्हणजे त्यांच्या अपराधांवर पांघरूण नव्हे. रॅपर डॉ. ड्रेने 1991 मध्ये डी बार्न्स या पत्रकार स्त्रीला मारहाण केली. न्यायालयात त्याने आरोपाला विरोध केला नाही. 2015 मध्ये त्याच्या गटावर चित्रपट निघाला, त्यात ही घटनाच नव्हती. बार्न्सने लेख लिहून ती जगापुढे मांडली, तेव्हा कुठे ड्रेने आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. जुन्या कलावंताला नव्या काळात उभे राहायचे असेल, तर त्याला हा हिशेब चुकता करावाच लागेल. आजच्या मुली तो मागतात आणि त्यांचे बरोबर आहे. उरला प्रश्न या ज्येष्ठांच्या पिढीतल्या स्त्रियांचा. मिसी एलियटने 1997 मध्ये पहिल्या अल्बमपासून या संगीताचा तालच बदलून टाकला, पण स्वतःच्या नावाचा मुख्य दौरा तिला पहिल्यांदा मिळाला तो 2024 मध्ये, 53 व्या वर्षी. उशिरा का होईना, असे म्हणून मला हे सोडून देता येत नाही.

ज्येष्ठांनीही एक खोड टाकायला हवी, ती नव्या पोरांना तुच्छ लेखण्याची. 'यांना शब्द फुटत नाहीत, नुसते पुटपुटतात' हे ट्रॅप या नव्या शैलीतल्या पोरांबद्दल किती जुन्या रॅपरांच्या तोंडून ऐकायचे? नास याबाबत फार शिकवून जातो. विसाव्या वर्षी 'इल्मॅटिक' हा अल्बम देणाऱ्या या माणसाने 2006 मध्ये आपल्या अल्बमला नावच दिले, हिप हॉप मेले आहे. पण तो त्या कडवटपणात अडकून राहिला नाही. 2020 मध्ये त्याने स्वतःहून 14 वर्षांनी लहान असलेल्या हिट-बॉय या निर्मात्याशी गाठ बांधली आणि तीन वर्षांत सहा अल्बम केले. सहावा आला तो त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. इल्मॅटिकला न मिळालेली ग्रॅमी याच जोडीच्या पहिल्या अल्बमला मिळाली. बीट तरुणाचे, आठवणी प्रौढाच्या. तो विशीचा आव आणत नाही आणि विशीतल्यांना हिणवतही नाही.

याच नासचे बोट धरून ही गोष्ट आपल्या दाराशी येते. 2019 मध्ये 'गली बॉय' या हिंदी चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत त्याचे नाव होते आणि त्याच वर्षी त्याच्या 'मास अपील' या कंपनीने भारतात शाखा काढून अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरला पहिला कलावंत म्हणून घेतले. कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये आयपॅडवर 'आफत' हे गाणे केले, तेव्हा तो कोवळा पोरगा होता. ती पहिली फळी आता तिशी ओलांडून गेली आहे. त्यांच्यामागे मराठीतून रॅप करणारी मुले नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत उभी आहेत. त्यांतली कित्येक आज पहिल्या कराराचे कागद न वाचता सही करत असतील, कारण पंचवीस वर्षांनंतरची स्वतःची कल्पना विशीत कुणालाच करता येत नाही. त्या कागदांत काय लिहिले आहे, ते आत्ता त्यांना कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे. आणि त्यांच्यापैकी कुणी चाळिशीत मुलीच्या फीवर, बापाच्या डायलिसिसवर किंवा गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आपल्याला लागलेल्या वॉचमनच्या नोकरीवर रॅपच्या ओळी लिहून आणल्या, तर समोरच्या गर्दीने 'जुनं वाजव' म्हणून ओरडू नये. त्याला पूर्ण व्हर्स म्हणू द्यावी.