सस्पेन्स खात्यातलं श्रेय

बँकेत सस्पेन्स खातं नावाचा एक प्रकार असतो. बाहेरच्या माणसाला ते नाव ऐकून रहस्यकथा आठवते. प्रत्यक्षात त्यात ना खून असतो ना गुप्तहेर. आलेली रक्कम कुणाची हे कळेना, की ती तात्पुरती या खात्यात टाकायची आणि धनी सापडला की त्याच्या नावावर जमा करायची, एवढाच व्यवहार. माझा असा एक सिद्धान्त आहे (बी. कॉम. झालेल्या माणसालाही सिद्धान्त असू शकतो) की जगातलं निम्म्याहून अधिक श्रेय अशा सस्पेन्स खात्यात पडून आहे. रक्कम खरी आहे, पण धन्याचं नाव लिहायचे कष्ट कुणी घेत नाही.

नमुना म्हणून ल्यूक लाँगली या गृहस्थांचं खातं उघडून दाखवतो.

हे नाव शिरपुरात कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. मलाही ते २०२० च्या टाळेबंदीत भाच्याच्या कृपेने कळलं. लाँगली ऑस्ट्रेलियाचा. १९६९ साली मेलबर्नला जन्मला, पर्थला वाढला. वाढला म्हणजे किती? सात फूट दोन इंच! आमच्या कॅश काउंटरच्या खिडकीशी हा माणूस आला असता, तर आम्हाला त्याच्या शर्टाचं तिसरं बटण तेवढं दिसलं असतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, १९९१ साली उतरलेला हा पहिला ऑस्ट्रेलियन. फेब्रुवारी १९९४ मध्ये तो शिकागो बुल्स संघात आला.

त्याची जागा सेंटरची. सेंटर म्हणजे त्या दहा फुटांवरच्या कडीखाली राबणारा उंच माणूस. हुकलेला चेंडू पकडायचा, समोरच्याला आत घुसू द्यायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे योग्य क्षणी भिंतीसारखं उभं राहायचं. समोरचा खेळाडू त्या भिंतीवर आपटतो, आणि तेवढ्या वेळात आपला माणूस मोकळा होऊन चेंडू जाळ्यात टाकतो. टाळ्या टाकणाऱ्याला पडतात. भिंतीला टाळ्या देण्याची पद्धत कुठल्याच देशात नाही.

आता आपला माणूस कोण? तर मायकेल जॉर्डन. १९९५-९६ च्या हंगामात या संघाने ब्याऐंशीपैकी बहात्तर सामने जिंकले, आणि १९९६, ९७, ९८ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं घेतली. त्या पहिल्या हंगामात जॉर्डनचे सामन्यामागे सरासरी गुण ३०.४, लाँगलीचे ९.१. कोण मोठा ते चौथीतलं पोरही सांगेल. पण गंमत अशी, की भिंत होऊन उभं राहण्यासाठी त्या काळच्या गुणपत्रकात रकानाच नव्हता! रकाना नसला की काम झालेलं नसतं, हा सिद्धान्त मात्र माझा नव्हे. तो जगातल्या समस्त कचेऱ्यांचा आहे.

पुढे २०२० साली त्या संघावर दहा भागांचा माहितीपट निघाला. जग घरात कोंडलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी पाहिला. त्यात खेळाडू बोलले, पत्रकार बोलले, अमेरिकेचे दोन माजी अध्यक्षही बोलले. त्या दोघांनी कडीखाली एक मिनिटही धक्के खाल्लेले नव्हते. ज्याने तीन हंगाम खाल्ले, त्या लाँगलीची मुलाखतच नव्हती.

हे सगळं मी आमच्या एका खातेदार आप्पांना सांगितलं. आप्पांची तापीकाठी केळी आहे आणि शंका घेण्यात त्यांचा हात तालुक्यात कुणी धरणार नाही. ते म्हणाले, "भाऊ, तो इतला उंच शे, मंग त्यामा त्याना काय मोठेपणा?"

प्रश्न बिनतोड होता. उंची काही माणसाने कमावलेली नसते. पण मग जॉर्डनच्या पायांतली उडी तरी कुणी कमावली? जन्मजात मिळालेलं सगळंच वजा करायचं, तर हिशेबात शिल्लक काय राहणार? मी म्हटलं, "आप्पा, तापीकाठची काळी जमीन तुम्ही घडवली का? तरी घडाचं कौतुक तुम्ही करून घेताच ना!" आप्पा हसले. मिळालेल्या देणगीचं आपण काय केलं, यावर जमाखर्च मांडावा लागतो. सात फूट दोन इंचांच्या माणसाला प्रत्येक चेंडू आपणच जाळ्यात टाकावा असा मोह होणं स्वाभाविक आहे. त्या संघाची खेळण्याची पद्धत अशी, की चेंडू सेंटरच्या हाती यायचा आणि त्याने मान वळवून तो मोकळ्या गड्याला द्यायचा. जवळ असून देऊन टाकणं, याला उंची पुरत नाही.

आप्पांची दुसरी शंका अधिक व्यवहारी होती. त्याला पगार मिळालाच असेल ना? भरपूर मिळाला. मग आणखी श्रेय कशाला?

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. पगार ही कामाची किंमत, आणि श्रेय ही जे घडलं त्याची नोंद. 'जॉर्डनने तीन अजिंक्यपदं जिंकली' असं लिहिलं, तर लाँगलीचा खिसा फाटत नाही, नोंद तेवढी चुकते. आणि चुकीची नोंद कुणी तक्रार केली नाही म्हणून बरोबर होत नाही. ऑडिटर कधी 'कुणाचं मन दुखावलं का?' असं विचारत नाही. तो विचारतो, 'ही रक्कम कुणाची?' श्रेयाचा प्रश्न आपण उगीच मानपानाचा करतो. तो मुळात खरं-खोट्याचा आहे.

बरं, नाव राहिलं म्हणजे दर वेळी अन्यायच झाला असंही नाही. आपले पद्माकर शिवलकर घ्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी, आणि कसोटी सामने शून्य. का? तर डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती, आणि बेदी मोठेच होते. २०१५ साली ऑस्ट्रेलियाचाच दुसरा सेंटर, अँड्र्यू बोगट, याची तीच गत झाली. हंगामभर त्याने गोल्डन स्टेट संघाची कडी राखली. अंतिम फेरीत चौथ्या सामन्याला प्रशिक्षकाने त्याच्या जागी बुटक्या खेळाडूला उतरवलं, आणि अजिंक्यपद मिळालं. तो प्रशिक्षक स्टीव्ह कर, म्हणजे लाँगलीचा शिकागोतला जुना जोडीदार! निर्णय बरोबर होता, पण तिथवर पोचवणाऱ्याचं खातं त्यामुळे कोरं होत नाही.

आमच्या शिरपूर तालुक्यात हे समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या योजनेने इथले नाले रुंद आणि खोल झाले, त्यांवर बंधारे बसले, पावसाचं पाणी जमिनीत मुरलं, विहिरींना पाणी आलं. 'शिरपूर पॅटर्न' पाहायला लांबून लोक येतात. पण मुरलेलं पाणी कुणाला दिसत नाही. दिसतो तो मोटरीच्या पाइपातून बदाबदा पडणारा लोट, आणि शेतकरी पाहुण्याला अभिमानाने सांगतो, 'मोटर एकदम भारी!'

सस्पेन्स खात्यातली नोंद मिटवायची कुणी? ज्याची रक्कम आहे त्याने स्वतःच ओरडत यावं, हे काही बरं दिसत नाही. स्वतःचं श्रेय मागायला गेलं की ते निम्मं तिथेच सांडतं. ज्यांच्या हातून रक्कम गेली, त्यांनीच खरा धनी सांगायचा असतो. २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या दूरचित्रवाणीने लाँगलीवर कार्यक्रम केला, तेव्हा जॉर्डन स्वतः त्यात बोलला. मागे वळून एक गोष्ट बदलता आली असती, तर माहितीपटातलं लाँगलीचं नसणं बदललं असतं, अशा अर्थाचं. शेवटच्या अजिंक्यपदानंतर तेवीस वर्षांनी का होईना, नोंद मिटली. अलीकडे तर भिंत होऊन उभं राहण्यालाही एनबीएच्या आकडेवारीत रकाना आला आहे म्हणे.

आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग पासबुक माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "लाँगलीनं जमा व्हयी गयं ना भाऊ? मंग आते मन्हं बी भरी दे."