दप्तराची झडती

दिवाळीच्या ताटातल्या अनारशाला खसखस लावलेली असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. त्या बियांत नशा नाही. परंतु बोंडाच्या चिकाचा अंश त्यांना चिकटून राहतो, आणि खसखस पुरेशी पोटात गेली तर पुढे लघवीच्या तपासणीत मॉर्फीन उतरू शकते. अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीत खसखशीचा पाव खाणारे निरपराध लोक असे अडकू लागले, तेव्हा १९९८ साली तिथल्या सरकारने दोषाची मर्यादा दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. अनारसे खाणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. सांगायचे ते इतकेच, की एकदा तपासले म्हणजे खरेखोटे कळले, असे जे आपण धरून चालतो, त्यात यंत्रालाही थोडी शंका असते. माणसाला मात्र नसते.

विषय निघाला आमच्या शाळेच्या पालकसभेत. एक गृहस्थ उठून म्हणाले, "शाळेबाहेर काय काय विकले जाते ते आपण पाहतोच. महिन्यातून एकदा न सांगता दप्तरे तपासा, आणि आठवीच्या पुढच्या मुलांसाठी लघवी तपासायचे किट आणा. पैसे मी देतो." टाळ्या पडल्या. (शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा कायदा २००३ सालीच झाला, पण ते यार्ड मोजायला कोणी टेप घेऊन गेल्याचे मला ठाऊक नाही.) टाळ्या वाजवणारे दुष्ट नव्हते. घरात वयात आलेला मुलगा आहे आणि रात्री त्याच्या बंद दाराशी जो क्षणभर थांबून पुढे जातो, त्या बापाची भीती मला कळते. प्रश्न असा, की या भीतीने आपल्याला कशाकशाचा अधिकार मिळतो?

हा प्रयोग अमेरिकेत पूर्वीच झाला आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयात भांडूनही झाला आहे. म्हणून जरा तिकडे पाहू. कायद्याचे मला ज्ञान नाही. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर मी. मला त्या निकालांतली माणसे दिसतात.

१९८० साली न्यू जर्सी राज्यातल्या एका शाळेत १४ वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना शिक्षिकेने पाहिले. मुलगी म्हणाली, मी ओढतच नाही. अधिकाऱ्यांनी तिची पर्स उघडली. सिगारेटी निघाल्या, वळायचे कागद निघाले. पुढे शोधले तेव्हा गांजा निघाला आणि तिचे पैसे देणे असलेल्या मुलांची यादीही. १९८५ साली निकाल लागला: शाळेला पोलिसांसारखे वॉरंट नको, पण संशयाला वाजवी आधार हवा. मला हा निकाल पटतो. एका बाईंनी डोळ्यांनी काही पाहिले होते.

पुढची पायरी निराळी आहे. ऑरेगन राज्यात व्हर्नोनिया म्हणून लाकूडतोडीवर जगणारे गाव आहे. तिथल्या शाळांनी १९८९ साली ठरवले, की खेळाडू मुलांची हंगामाच्या आरंभी आणि पुढे दर आठवड्याला दहा टक्क्यांची लघवी तपासायची. नावे कशी काढायची? चिठ्ठ्या टाकून, आणि त्या चिठ्ठ्या दोन मोठ्यांच्या देखत एका विद्यार्थ्यानेच उचलायच्या! सातवीतल्या एका मुलाच्या आईवडिलांनी संमतीपत्रावर सही केली नाही, म्हणून त्याला फुटबॉलच्या संघात घेतले नाही. त्याच्यावर संशय असा कोणाचाच नव्हता. १९९५ साली सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेचा जय झाला. २००२ साली ओक्लाहोमा राज्यातल्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हीच तपासणी गाणाऱ्या आणि वाद्यवृंदात वाजवणाऱ्या मुलांनाही लागू झाली. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात दाखवून दिले, की शाळा सुटल्यावर गाण्याला थांबणारी मुले नशेकडे जाण्याचा संभव उलट कमीच असतो. जो थांबतो त्याला तपासायचे आणि जो फाटकाबाहेर निघून गेला तो सुटला, असा हा न्याय.

या तपासणीच्या बाजूचा मोठा युक्तिवाद असा, की सगळ्यांनाच तपासले म्हणजे कोणा एकाचा अपमान होत नाही. आमच्या सभेतही हेच वाक्य आले. ऐकायला ते उदार वाटते. पण लग्नघरात एखादा दागिना हरवला, तर यजमान सगळ्या पाहुण्यांना रांगेत उभे करून पिशव्या उघडायला लावतो काय? चोर त्यांच्यातच असू शकेल हे तो जाणतो. तरी लावत नाही; कारण एक दागिना मिळेल, पण त्या घरी पुन्हा कोणी पान घ्यायला येणार नाही.

माझी खरी तक्रार अपमानाचीही नाही. मला एका मुलाचा संशय येतो, तेव्हा त्याआधी मी त्याच्याकडे पाहिलेले असते. त्याचे अक्षर बिघडले, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला त्याचे डोळे जड होतात, जिवलग मित्र त्याच्या बाकावर बसेनासा झाला. मग त्याला बाजूला घेऊन विचारायचे असते, आणि माझा संशय खोटा ठरला तर उद्या त्याच वर्गात त्याला तोंड द्यायचे असते. चिठ्ठीला कोणालाच तोंड द्यावे लागत नाही. सगळ्यांना तपासणारा मास्तर कोणाकडेच पाहत नाही. पाहण्याचे काम त्याने काचेच्या नळीला कंत्राटाने दिलेले असते. पालकांना ही सोय वाटते. मला ती नोकरीचा राजीनामा देण्यासारखी वाटते.

झडतीत आणखी एक गोष्ट होते. जे शोधायचे ते राहते बाजूला आणि भलतेच हाती येते. मी नववीत असताना वर्गात कोणाचे तरी फीचे पैसे हरवले. त्या वेळच्या मास्तरांनी चाळीस दप्तरे टेबलावर उलटी केली. पैसे निघाले नाहीत. एका मुलाच्या भूगोलाच्या वहीत मात्र सराफाची पावती निघाली. मास्तरांनी ती मोठ्याने वाचली: आईचे मंगळसूत्र गहाण होते. बाप दारूच्या पायी घरातले काहीच राहू देत नसे, म्हणून त्या माऊलीने पावती मुलाच्या दप्तरात ठेवली होती. सबंध घरात तेवढीच एक सुरक्षित जागा होती. ती पावती पुन्हा वहीत कशी घालावी हे त्या मुलाला कळेना. पुढच्या सोमवारपासून तो शाळेत आला नाही.

हाच मार्ग पुढे कुठे जातो पाहा. २००३ साली ॲरिझोना राज्यात, मैत्रिणीने नाव घेतले एवढ्यावरून, १३ वर्षांच्या मुलीचे दप्तर तपासले. काही मिळाले नाही, तेव्हा तिला अंगावरचे कपडे उतरवायला लावले. कशासाठी? आयबुप्रोफेनच्या गोळ्यांसाठी, म्हणजे आपण अंगदुखीवर घेतो त्यासाठी. तरीही काही मिळाले नाही. हे बेकायदा, असे २००९ साली आठ विरुद्ध एक मतांनी ठरले; तोवर ती मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती.

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. त्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे अंगझडतीपूर्वी संशयित म्हणू शकतो, की मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्या. आणि हा हक्क त्याला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवले. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. म्हणजे चरस विकणाऱ्या पुरुषालाही पोलीस चौकटीत उभे राहून विचारतात. आठवीतल्या पोराला मात्र आम्ही म्हणणार, "हं, ओत दप्तर!"

आणि हे सारे करून हाती काय येणार? नेहमीच्या तपासणीत नियमित ओढणाऱ्याचा गांजा कित्येक दिवस दिसतो; काल रात्रीची दारू बहुधा निघून गेलेली असते. पंक्चरचे सोल्यूशन आणि थिनर हुंगणारा पोरगा त्या किटमध्ये दिसतच नाही. आणि २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हाच एक प्रकार असा निघाला, की ज्यात मुले मोठ्यांच्या पुढे आहेत: मोठ्यांत ०.५८ टक्के, दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के. तपासणीने काहीच होत नाही असेही नव्हे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली ३६ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणी लागू असलेल्या मुलांपैकी १६ टक्क्यांनी, आणि ती नसलेल्या शाळांतल्या तशाच मुलांपैकी २२ टक्क्यांनी, महिन्याभरात नशा केल्याचे सांगितले. सहा टक्के म्हणजे थोडे नव्हे. त्यांत माझा विद्यार्थी असेल तर मुळीच नव्हे. परंतु पुढे नशा करण्याचा विचार आहे काय, या प्रश्नाला दोन्हीकडे सारखीच उत्तरे आली. हात आवरला, मन होते तिथेच राहिले. आणि मनाचे काय करायचे हे किटच्या खोक्यावर लिहिलेले नसते.

सभेत मी उठून एवढेच विचारले, की समजा एखाद्या मुलाची पट्टी सदोष निघाली. त्याला दुपारी चार वाजता न्यायचे कुठे? आपल्या कायद्याच्या ६४ अ कलमात आपण होऊन उपचाराला आलेल्या व्यसनी माणसावरचा खटला टाळण्याची सोय आहे. कायद्याला जे सुचले ते शाळेला का सुचू नये? मी एक खोली मागितली. दार लागणारी, आणि आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक बाई येतील अशी. मुख्याध्यापकांनी ते वहीत लिहून घेतले. किटचे पैसे देणारे गृहस्थ भले आहेत. खोलीचे काय, असे मी त्यांना नंतर जिन्यात विचारले. घरी विचारून सांगतो, म्हणाले. पुढची सभा जानेवारीत आहे.