धातू आणि अरण्य

अरण्याची उपासना करणाऱ्याने धातूस स्पर्श करावा काय? आमच्या मंडळींत बहुतेकांचे मत नकारार्थी पडले. धातू म्हणजे खाण, भट्टी आणि कुऱ्हाड. तो वनाचा वैरीच. परंतु गॉल देशीचे ड्रुइड नावाचे वृक्षपूजक पुरोहित ओक वृक्षावरील बांडगूळ सोन्याच्या विळ्याने कापीत, असे रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून गेला आहे. मग त्यांस काय म्हणावे?

बदलीने तंजावरास आलेल्यांनी कुंभकोणमजवळच्या स्वामिमलईस एकदा अवश्य जावे. तेथील स्थपती मेण व राळ यांची मूर्ती घडवितात, तीवर कावेरीचा मऊ गाळ लिंपतात, आणि आचेने मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओततात. निवाल्यावर साचा फोडावाच लागतो. मधमाशीचे मेण, झाडाचा चीक, नदीची माती ही सारी आपला आकार देऊन नाहीशी होतात. धातू तेवढा मागे उरतो.

भोसले राजांच्या वाड्यातील कलादालनात जटांचे मुंडासे बांधलेला, १०११ सालचा वृषवाहन शिव उभा आहे. ज्या नंदीवर त्याचा हात टेकलेला असावा, तो नंदी आता नाही. ही मूर्ती तिरुवेंकाडू येथे जमिनीत सापडली. मातीने जिला शतकानुशतके पोटात सांभाळले, तिला आम्ही निसर्गाबाहेरची कशी म्हणावी? मात्र त्या भट्टीस किती झाडे लागली असतील, हा हिशेब मूर्तीसमोर उभे असता आमच्या मनातून जाईना.